स्विचबोर्डात माती कोण भरतं? कुंभारणींविषयी वाचकांचे प्रश्न

नागपुरात कूलर सुरू झाले की कुंभारणींविषयीची, म्हणजे मातीचं घर बांधणाऱ्या गांधीलमाश्यांविषयीची, पत्रं वाढतात. कूलरखाली ठिबकणारं पाणी, त्याचा चिखल आणि छज्ज्याखालची पाऊस न लागणारी भिंत, हे सगळं तिला एकाच अंगणात मिळतं. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. घरी दिसणारी माशी नेमकी कोणती हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी पहिलं उत्तर आधी वाचावं. पुढचा बराचसा मजकूर त्यावर अवलंबून आहे.

आमच्या गॅलरीत मातीची तीन तऱ्हेची घरं आहेत. भिंतीवर शेजारी शेजारी नळ्या, खिडकीच्या गजावर एक छोटं मडकं आणि स्विचबोर्डाच्या भोकात नुसती माती. ही एकाच माशीची करामत आहे का?
(धरमपेठ)

नाही, या तीन वेगळ्या जातींच्या माद्या आहेत. तिन्ही एकट्या राहणाऱ्या शिकारी गांधीलमाश्या. यांच्यात राणी नसते, कामकरी नसतात, पोळंही नसतं. एकच मादी माती वाहते, शिकार आणते, अंडं घालते, दार लिंपते आणि निघून जाते. पिल्लाची आणि तिची भेट होत नाही.

भिंतीवरच्या नळ्या स्केलिफ्रॉनच्या. ही काळी असते, पायांवर पिवळे पट्टे आणि कंबर दोऱ्याइतकी बारीक व लांब. एकेक नळी साधारण अडीच-तीन सेंटिमीटरची. एक भरून बंद झाली की तिला चिकटून दुसरी बांधते आणि शेवटी सगळ्यांवर मातीचा जाड थर देते. म्हणून पुरं झालेलं घर नुसता चिखलाचा गोळा वाटतं, आतल्या नळ्या दिसत नाहीत.

गजावरचं मडकं डेल्टा किंवा युमेनिस या गटातल्या माशीचं. डेल्टा अंगाने मोठी, तांबूस-पिवळी आणि काळी. मडक्याला वळवलेला काठ असतो आणि तो शाबूत असेल तर घर अजून उघडं आहे असं समजावं. भरून झालं की ती तोंड मातीने बुजवते. डेल्टा अनेकदा अशी चार-सहा मडकी एकमेकांना जोडून वरून लिंपते. तेव्हा ते घर आणि स्केलिफ्रॉनचं घर यांत वरवर फरक कळत नाही.

भोकातली माती बहुधा रिंकियमची. तांबूस-तपकिरी रंगाची ही माशी घर बांधत नाही, आयतं भोक घेते. बांबूची नळी, कुलपाचं छिद्र, स्क्रूचा गाळा, काहीही चालतं. आत मातीचे आडवे पडदे घालून खोल्या पाडते आणि तोंडाशी जाड बूच बसवते. भोक खिळ्याएवढंच असेल तर ती ट्रिपोक्झिलॉन नावाची बारीक काळी माशी असू शकते.

ओळखायची एक सोपी खूण आहे, ती म्हणजे माशी माती कशी आणते. स्केलिफ्रॉन कूलरखालच्या ओल्या चिखलातच बसते, डोकं खाली घालून जबड्याने गोळी करते आणि तीच उचलून नेते. डेल्टा आणि रिंकियम आधी पाणी पितात, कोरड्या मातीवर जातात, पोटातलं पाणी तिच्यावर सोडतात आणि तिथेच गोळी मळतात. शिकारीवरूनही ओळख पटते. पडलेल्या घरात कोळी निघाले तर स्केलिफ्रॉन, बिनकेसाच्या अळ्या निघाल्या तर डेल्टा किंवा रिंकियम.

यात आणखी एक आहे, चकचकीत गडद निळी चॅलिबिऑन. ती स्केलिफ्रॉनच्या जुन्या घराभोवती घोटाळताना दिसते. पाणी आणून जुनी माती भिजवते, नळी दुरुस्त करते आणि स्वतःचे कोळी भरते. त्यामुळे एका माशीने बांधलेल्या घरातून दुसऱ्याच रंगाची माशी निघते आणि लोक चक्रावतात.

घरात दोन वर्षांचं मूल आहे. कुंभारीण डसते का?
(मानेवाडा)

हातात दाबली गेली, कपड्यात अडकली किंवा पायाखाली आली तरच. घरटं राखायला ती अंगावर येत नाही. कागदासारखं पोळं करणारी गांधीलमाशी येते, तिची गोष्ट वेगळी. नांगी फक्त मादीला असते, नराला नसते. डसलीच तर जागा साबणाने धुवा आणि बर्फ लावा. काटा आत राहत नाही, त्यामुळे काही काढायचं नसतं. मात्र डसल्यावर ओठ-चेहरा सुजला, अंगभर पित्त उठलं किंवा श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा.

भिंतीवरून पडलेलं घर फोडलं तर एका नळीत डझनभर कोळी निघाले. हलत नव्हते, पण कुजलेही नव्हते. ते जिवंत होते की मेलेले?
(प्रतापनगर)

बहुतेक जिवंत, पण लुळे. मादी नांगीतून विष सोडते ते कोळ्याच्या मज्जासंस्थेत. हालचाल थांबते, शरीराचं बाकीचं काम मंदपणे चालू राहतं. मेलेला कोळी नागपूरच्या उन्हाळ्यात दोन दिवसांत सुकून कोळ झाला असता किंवा त्याला बुरशी आली असती. लुळा कोळी बरेच दिवस ताजा राहतो आणि अळीला तेवढाच वेळ लागतो.

कोळी डझनभर असण्याचं कारण नळीचा आकार. नळी अरुंद, म्हणून तिला छोटे कोळी लागतात. छोट्या कोळ्यांनी पोट भरायचं तर संख्या हवी. कोळी बारके मिळाले तर वीसही भरते, जाडे मिळाले तर सहा-सात पुरतात. अंडं ती पहिल्या काही कोळ्यांपैकी एकाच्या पोटावर चिकटवते. अंडं उबायला दोन-तीन दिवस, मग आठ-दहा दिवस अळी एकेक कोळी संपवत जाते. त्यानंतर ती तपकिरी, पापुद्र्यासारखा कोश विणते. कोशाच्या तळाशी काळा खडा दिसतो, ती अळीने आयुष्यात एकदाच टाकलेली विष्ठा. उष्ण दिवसांत अंड्यापासून माशी निघेपर्यंत महिनाभर जातो. थंडीच्या तोंडावर बंद झालेल्या नळीतली अळी मात्र कोशातच थांबते आणि ऊन तापल्यावर पुढची वाढ करते.

मडकंवालीचा क्रम उलटा आहे. ती शिकार आणण्याआधी अंडं घालते आणि तेही बारीक धाग्याने छताला टांगून. खाली लुळ्या अळ्या रचते. अर्धवट लुळी अळी वळवळली तरी टांगलेलं अंडं चिरडत नाही.

नळीत कोळ्यांवर बुरशी आलेली किंवा ते वाळून कोळ झालेले दिसले, तर अंडं उबलं नाही किंवा अळी लहानपणीच मेली असं समजावं. अर्धवट भरलेली, उघडी राहिलेली नळीही सापडते. शिकारीला गेलेली मादी परतली नाही की असं होतं.

कीर्तनात ऐकलं होतं की भृंगी अळीला कोंडून तिच्याभोवती गुणगुणते आणि ध्यास घेऊन अळीच भृंगी होते. यात तथ्य किती?
(महाल)

कीटभृंगाचा हा दृष्टांत जुना आहे आणि तो रचणाऱ्याने पाहिलेलं सगळं खरं होतं. माशी अळी घेऊन आत जाते हे खरं. दार बंद होतं हेही खरं. काही आठवड्यांनी त्याच घरातून अळी बाहेर न येता माशी येते, हेही खरं. मधल्या दोन गोष्टी डोळ्यांना दिसत नव्हत्या: आतलं भाताच्या दाण्याहून लहान अंडं आणि त्यातून निघालेल्या अळीने खाल्लेली आणलेली अळी.

गुणगुणणंही कल्पित नाही. बांधताना मातीची गोळी भिंतीला लावली की माशी पंखांचे स्नायू थरथरवते आणि तो कंप जबड्यातून मातीत जातो. कंपाने घट्ट चिखल क्षणभर पातळ होऊन जुन्या थरात मिसळतो, कंप थांबला की पुन्हा घट्ट होतो. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर फिरवतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. भिंतीजवळ कान नेलात तर गोळी लावतानाचा तो बारीक, चढा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

दारावर अर्धं बांधलेलं घर होतं. माशी दुखावू नये म्हणून अलगद काढून दीड फुटावर चिकटवलं. तिने ढुंकून पाहिलं नाही आणि मूळ जागीच नवं सुरू केलं. असं का?
(हिंगणा रोड)

कारण तिच्या स्मरणात घर नसतं, जागा असते. पहिल्यांदा बाहेर पडताना ती घराकडे तोंड करून वाढत्या कमानींत उडते आणि आजूबाजूच्या खुणा टिपते: चौकटीचा कोपरा, कडी, कुंडी. निको टिनबर्गन यांनी नेदरलँड्समध्ये मधमाश्या पकडणाऱ्या, वाळूत बीळ करणाऱ्या गांधीलमाशीवर हे पडताळून पाहिलं. बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं, माशीला त्याची सवय होऊ दिली आणि ती शिकारीला गेली असताना कडं बाजूला सरकवलं. परतलेली माशी कड्याच्या मध्यावर उतरली. बीळ शेजारी उघडं असूनही तिला ते सापडलं नाही. १९३२ साली हे काम प्रसिद्ध झालं. प्राण्यांच्या वर्तनावरच्या अभ्यासासाठी टिनबर्गन यांना पुढे १९७३ मध्ये नोबेल मिळालं.

व्यवहारात याचा अर्थ असा: अर्धं घर हलवू नका, त्याचा काही उपयोग नाही. हलवायचंच असेल तर सगळ्या नळ्या बंद होऊन वरचा थर सुकेपर्यंत थांबा. त्यानंतर आईचा त्या घराशी संबंध उरत नाही आणि ते कुठेही ठेवलेलं चालतं.

स्विचबोर्ड, इन्व्हर्टरच्या फटी, एसीची पाण्याची नळी, सगळीकडे माती. काढायची कशी आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं?
(वर्धमाननगर)

भिंतीवरचं घर राहू द्यावं, पण ही ठिकाणं खरोखर साफ ठेवायला हवीत. एसीची नळी बुजली की पाणी खोलीत येतं. इन्व्हर्टरची हवा अडली की तो तापतो. सगळ्यात धोक्याचा गॅस गिझर: हवा घेण्याची छिद्रं मातीने बुजली तर ज्योत पिवळी होते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गिझर महिनाभर बंद असेल तर लावण्याआधी छिद्रं पाहायलाच हवीत. १९९६ साली डोमिनिकन प्रजासत्ताकात उडालेलं एक बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ माणसं दगावली. त्याची वेग मोजणारी नळी बुजलेली होती. विमान कित्येक दिवस नळीवर झाकण न घालता उभं होतं आणि आत स्केलिफ्रॉनने माती भरली असावी, असा तपासाचा कल होता. जी नळी हवा किंवा पाणी वाहण्यासाठी आहे आणि काही दिवस वापरात नाही, ती झाकून ठेवा, एवढं तरी यातून घ्यावं.

स्विचबोर्डासाठी आधी एमसीबी पाडा, टेस्टरने खात्री करा, मग प्लेट उघडा. मातीवर पाणी किंवा फवारा अजिबात मारू नका. ओली माती वीज वाहते आणि सुकल्यावर संपर्कांवर थर ठेवते. कोरडीच माती लाकडी काडीने फोडून मऊ ब्रशने झटका. बोर्डाच्या मागे पाइप जिथून येतो तिथली फट पुट्टीने भरा. पिनांची भोकं वापरात नसतील तर मुलांसाठी मिळणारी प्लास्टिकची बुचं बसवा. तीन मिलिमीटरपेक्षा मोठं कुठलंही भोक या माश्यांपैकी कुणाला तरी पसंत पडतं.

एसीच्या नळीच्या तोंडाला जाळी बांधताना फार बारीक घेऊ नका. आतली बुळबुळीत घाण तिच्यावर साचते आणि माशीने करायचं काम जाळीच करते. दोन-तीन मिलिमीटर घरांची जाळी पुरते आणि हंगामात दोनदा ती काढून धुवावी. इन्व्हर्टरच्या फटींवर मात्र काही चिकटवू नका, हवा अडेल. तो कपाटाच्या जाळीदार दाराआड ठेवणं बरं.

एक चूक फार जण करतात: माती काढून भोक तसंच सोडतात. बांधणारी मादी अजून हयात असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होते. काढणं आणि बुजवणं एकाच बैठकीत व्हायला हवं.

जुन्या वाड्यात एक चकाकता हिरवा किडा झुरळाला मिशीने धरून चालवत नेताना दिसला. झुरळ स्वतःच्या पायांनी चालत होतं!
(इतवारी)

ही अँप्युलेक्स कॉम्प्रेसा. अंग हिरवं-निळं, मधल्या आणि मागच्या पायांच्या मांड्या लाल. ती झुरळाला लुळं करत नाही, त्याची पळण्याची प्रेरणा काढून घेते. पहिला डंख छातीत, त्याने पुढचे पाय काही मिनिटं निकामी होतात. तेवढ्या अवधीत दुसरा डंख मानेतून थेट मेंदूत आणि त्याच्या खालच्या मज्जागाठीत. यानंतर झुरळ उभं राहतं, चालू शकतं, पण आपणहून चालायला लागत नाही. ती दोन्ही मिश्या अर्ध्यावर तोडते, त्यातून येणारं रक्तद्रव्य चाखते आणि उरलेली मिशी धरून त्याला फटीत नेते. मधल्या पायाच्या मुळाशी एक अंडं घालते आणि खडे-कचऱ्याने तोंड बुजवते. एवढं मोठं झुरळ उचलून उडणं तिला शक्य नाही, म्हणून ते चालवत न्यावं लागतं. १९४१ साली हवाई बेटांवर झुरळं आटोक्यात आणायला ही मुद्दाम सोडली होती. झुरळं संपली नाहीत, कारण एक मादी घालते ती अंडी मोजकी आणि झुरळांची वीण अफाट. तुमच्या वाड्यात ती दिसते म्हणजे तिथे झुरळं भरपूर आहेत.

मातीच्या घरातून मोरपंखी रंगाचा, टणक, चमकणारा किडा बाहेर आला. ही कुंभारीणच का?
(सक्करदरा)

नाही. ती कोकिळामाशी, आपल्याकडे बहुधा स्टिल्बम. कुंभारणीची कोठडी पोखरून ती आपलं अंडं घालते आणि तिची अळी कुंभारणीच्या अळीला खाते. कवच इतकं जाड असतं की कुंभारणीने पकडलं तरी अंग गोळा करून बसते आणि निभावून नेते. घरावर टाचणीएवढी पुष्कळ भोकं दिसली तर आत आणखी बारीक परजीवी माश्या होत्या असं समजा.

काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. अळ्या मारणाऱ्या या माश्या बागेत वाढवता येतील का?
(काटोल)

काही प्रमाणात येतील, पण अपेक्षा नेमकी ठेवा. रिंकियमसारख्या माश्या केस नसलेल्या छोट्या अळ्या वेचतात, त्यांचा भार त्या हलका करतात. कोळशी (काळी माशी) आणि सायला या रस शोषणाऱ्या किडींकडे त्या वळत नाहीत. शिवाय तुमच्या नळ्यांमध्ये ट्रिपोक्झिलॉन आणि चॅलिबिऑनही येतील आणि त्या कोळी नेतात, जे कोळी बागेत तुमचंच काम करत असतात. फवारणीला पर्याय म्हणून हे करू नये. बागेतल्या जीवांची साखळी धरून राहावी म्हणून करावं, आणि ते करण्यासारखं नक्की आहे.

बांबूचे पंधरा ते वीस सेंटिमीटरचे तुकडे घ्या. एका टोकाला पेर ठेवा म्हणजे मागची बाजू आपोआप बंद राहते. आतला व्यास सहा ते बारा मिलिमीटर असा मिसळून घ्या. कापलेलं तोंड पॉलिश पेपरने घासा, कुसळं राहिली तर पंख फाटतात आणि माशी ती नळी सोडून देते. आखूड तुकडे घेऊ नका. लांब नळीत मादी सर्वांत आतल्या खोल्यांत माद्यांची अंडी घालते आणि तोंडाकडे नरांची. नर आधी वाढून आधी बाहेर पडतात, वाट मोकळी राहते. फलित अंड्यातून मादी, अफलित अंड्यातून नर, आणि कुठलं घालायचं ते तिच्या हाती असतं. नळी आखूड पडली की नरच जास्त होतात आणि शिकार फक्त माद्या करतात.

वीस-पंचवीस नळ्यांची मोळी घट्ट बांधा. पत्र्याच्या डब्यात ठेवू नका, मे महिन्यात आत अळ्या भाजून मरतात. लाकडी खोक्यात, कवेलूच्या किंवा गवताच्या छपराखाली, जमिनीपासून दीड-दोन मीटरवर आणि तोंड पूर्वेला करून ठेवा. सकाळचं ऊन मिळावं, दुपारचं टळावं. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीला टांगू नका, झोके घेणाऱ्या नळीत माशी शिरत नाही. खांबाला खाली ग्रीसचा चार बोटं रुंद पट्टा द्या, नाहीतर मुंग्या नळ्या रिकाम्या करतात.

जवळ एका घमेल्यात माती आणि पाणी ठेवा. एक बाजू ओली, एक कोरडी, कारण दोन्ही तऱ्हेच्या माश्यांना आपापली माती लागते. प्रौढ माशी शिकार पिल्लांसाठी नेते, स्वतः फुलांतल्या रसावर जगते आणि तिची जीभ आखूड. म्हणून बांधावर कोथिंबीर, बडीशेप, तुळस फुलू द्या.

फवारणी संध्याकाळी केली की या माश्या वाचतात, हा समज अर्धा खरा. अंगावर थेट औषध पडत नाही इतकंच. दुसऱ्या दिवशी ती विषारी अळी उचलून नळीत भरते आणि पिल्लू तिथेच मरतं. मोळी फवारणीच्या ओळींपासून दूर, बांधावर किंवा शेतघराजवळ ठेवा आणि नळ्या एक-दोन हंगामांनी बदला. जुन्या नळ्यांत परजीवी साचत जातात. काढलेल्या नळ्या लगेच जाळू नका, सावलीत वेगळ्या ठेवून आतल्या माश्या निघून जाऊ द्या.

दिवाळीच्या सफाईत भिंतीवरची घरं काढली तर चालतं का?
(वाडी)

प्रत्येक नळीला गोल भोक पडलं असेल तर घर रिकामं आहे, खुशाल काढा. भोक नसेल तर आत जीव असण्याची शक्यता धरा. पत्र्याची पातळ पट्टी भिंत आणि घर यांच्या मधून सरकवून ते अखंड सोडवा, कागदाच्या खोक्यात कापसावर ठेवा, झाकणाला बोट जाईल एवढं भोक पाडा आणि खोकं गॅलरीत सावलीला, मुंग्या पोचणार नाहीत असं टांगा. उन्हाळा लागेपर्यंत वाट पाहावी लागेल. भिंतीवरचा डाग ओल्या फडक्याने जातो, खरवडू नका, रंग निघतो.